तीन मिलिमीटरचा बुडबुडा

मला रंगीत चित्रांची किळस आहे. लहान मुलांच्या नाही, आम्ही ऑफिसात कॉम्प्युटरवर काढतो त्यांची. एक टाकी, मधोमध दांडा, दांड्याला पंखा, आणि आत सगळीकडे निळा-हिरवा-पिवळा-लाल रंग पसरलेला. समोरचा माणूस ते बघतो आणि म्हणतो, वा! त्याला काय कळलेलं असतं? कप्पाळ. पण रंग बघितला की माणसाचा विश्वास बसतो, आणि त्या विश्वासावर माझं घर चालतं.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. महाप्याला काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. बारा माणसं, एक कॉफीचं मशीन, आणि ज्यांचं ऑफिस ते सर. कारखान्यांत दुमजली घराएवढ्या टाक्या असतात. त्यांत काहीतरी सतत ढवळत असतं आणि खालून हवा सोडलेली असते. ती हवा बुडबुडे होऊन वर येते. हे बुडबुडे कुठून कुठे जातात, आत किती वेळ टिकतात, किती ऑक्सिजन देऊन जातात, हे टाकीचं झाकणसुद्धा न उघडता गणितानं काढून द्यायचं, हा आमचा धंदा. माझी सासू सोसायटीत सांगते, आमची सून बुडबुड्यांची इंजिनिअर आहे. बायका तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मलाही आता हसूच येतं, पण ते वेगळं.

कारण आतली गोष्ट त्यांना ठाऊक नाही. एवढं मोठं गणित, टाकीचे लाखो बारीक तुकडे, चार-चार दिवस कॉम्प्युटर घरघरतोय, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आम्ही हातानं टाकतो. बुडबुडा केवढा? खऱ्या टाकीत लहान-मोठे सगळ्या मापांचे असतात, एकमेकांत मिसळतात, फुटतात. ते सगळं हिशेबात धरायची रीत आहे, पण तिला वेळ लागतो. म्हणून धरून चालायचं की सगळे बुडबुडे सारखे, तीन मिलिमीटरचे. साबुदाण्याएवढे. साध्या पाण्यासाठी पुस्तकात साधारण तेवढाच आकडा असतो. चौकटीत तीन लिहायचं आणि एंटर मारायचं. उत्तर कस्टमरच्या सोयीचं नाही आलं तर अडीच लिहायचं. आमच्याकडे त्याला कुणी खोटं म्हणत नाही, 'जुळवून घेणं' म्हणतात. मीही पंधरा वर्षं जुळवून घेत आले, आणि दरवर्षी अप्रेझलला 'प्रॅक्टिकल' असा शेरा मिळवत आले.

तर तुर्भ्याच्या एका कंपनीचं काम आलं. कपडे धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालतात, ते तिथे बनतं. टाकीत सोयाबीनचा घट्ट रस, त्यात जिवाणू सोडलेले. जिवाणूंना सतत हवा लागते. हवा कमी पडली की ते गुदमरून मरतात आणि सगळी टाकी नासते. त्या वर्षात तिथे एका टाकीतला माल पुन्हा पुन्हा नासत होता; भरलेला माल वाया गेला की तिथे 'टाकी नासली' म्हणायचे. आदल्या वर्षी तिथल्या मॅनेजरनं स्वतःच्या अधिकारात टाकीचा जुना पंखा काढून नवा बसवला होता. तेव्हापासूनच हे सुरू झालं होतं, पण मॅनेजरचं म्हणणं, पंखा उत्तम आहे, ऑपरेटर हवेचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. ऑपरेटरचं म्हणणं, मी हवा पूर्ण देतो, पंखाच नालायक आहे. म्हणून मग आम्ही. कॉम्प्युटरनं सांगायचं, कोण खरं.

मोजमापं घ्यायला मी एकटीच गेले. गेटवर उतरल्याबरोबर वास आला. त्या आठवड्यात एक टाकी नासली होती आणि तो माल गटाराकडच्या हौदात सोडलेला होता. कुजलेलं डाळीचं पीठ, ओले मोजे आणि त्यावर फिनेल, असा काहीतरी वास. मी ओढणी नाकाला लावली. मला न्यायला आलेला माणूस साठीच्या जवळपासचा, बारका, खाकी कपडे धुतलेले-इस्त्री केलेले, आणि खिशात एक जाड वही. तोच तो ऑपरेटर. त्यानं माझ्या ओढणीकडे बघितलं आणि म्हणाला, हा वास मेलेल्या मालाचा, जित्या मालाला भाताच्या पेजेसारखा वास येतो. सगळे त्याला काका म्हणत होते, मीही म्हणायला लागले.

काका घणसोलीच्या जुन्या गावातले, खाडीकाठचे. इथे कारखाने आले तेव्हा गावातल्या ज्या पोरांना कंपनीत घेतलं त्यांतला एक. त्याच टाकीवर तीस वर्षं. माझ्याशी जरा शहरी वळणानं बोलायचा प्रयत्न करत होते, पण दर वाक्याला गाव डोकावत होतं. टाकीपाशी त्यांनी हवा पूर्ण सोडून मला आधी बाजूच्या काचेतून बघायला लावलं. टाकीच्या अंगाला जाड काचेची खिडकी असते. आत रस नुसता संथ फिरत होता, बुडबुडा औषधाला नाही. मग जिन्यानं वर नेलं आणि वरच्या काचेतून दाखवलं. दांड्याच्या भोवती हवेचे लिंबाएवढे गोळे भदाभद वर येत होते आणि फुटत होते. बाकी सगळीकडे शांत.

मग त्यांनी मला गिअरबॉक्सच्या खाली टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवायला सांगितला. मी ठेवला. त्यांनी हवा अर्धी केली तेव्हा पत्रा एकसारखा थरथरत होता. मग व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला. थरथर गेली आणि हाताला आतून धक्के बसायला लागले, मध्येच एक, मग थोडं थांबून दोन. काकांनी मोटरच्या मीटरकडे बोट दाखवलं. काटा बासष्टवरून एकेचाळीसवर आला होता.

"पंखा मालात नाय फिरत, हवेत फिरतोय," ते म्हणाले. "मोटरीला वझंच नाय. मी हवा वाडवली का तो जास्तच हवा खातोय. तुमीच सांगा, मी काय करू?"

मला सांगायची गरजच नव्हती. कॉलेजात दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी शिकवतात हे. हवा जास्त आणि पंखा ती फोडायला अपुरा असला की हवेचा गोळा पंख्याला वेढून बसतो आणि दांड्याच्या कडेनं सरळ वर निघून जातो. बाजूच्या जिवाणूंपर्यंत हवा पोचतच नाही. त्यात हा माल घट्ट, वर फेस बसवायला तेल टाकलेलं. तेलानं बुडबुडे एकमेकांना चिकटून आणखीच मोठे होतात. मी पुस्तकात वाचलेलं त्या माणसाला तळहातानं कळलेलं होतं. मला त्या क्षणी खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षं बुडबुड्यांवर पोट भरत होते आणि असं काही हातानं पहिल्यांदाच अनुभवत होते.

त्या कारखान्यात एक नियम आहे. कुठलंही रीडिंग लिहिलं की त्यापुढे दोन सह्या लागतात, एक घेणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. एका सहीचं रीडिंग धरत नाहीत. काका कंपनीच्या कागदावर लिहायचेच, शिवाय स्वतःच्या वहीतही लिहायचे, कारण ऑफिसात गेलेला कागद परत कधी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वही उघडली, तारीख टाकली, आणि सुरेख गोल अक्षरात लिहिलं: हवा पूर्ण. ६२ वरून ४१. इंजिनिअर मॅडमनी हात लावून बघितले. खाली सही केली आणि वही-पेन माझ्यासमोर धरलं.

आमच्या ऑफिसची शिकवण अशी की साइटवर कशावरही सही करायची नाही. मी म्हटलं, हात खराब झालेत काका, जाताना करते. जाताना दुसऱ्या गेटनं निघाले.

ऑफिसात येऊन मी नेहमीप्रमाणे तीन लिहिलं. चार दिवसांनी चित्र आलं. सगळी टाकी हिरवीगार, हवा कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेली. एखाद्या देवळातल्या रांगोळीसारखं देखणं. तीनचे बुडबुडे तो पंखा सहज टाकीभर पसरवत होता. मला माहीत होतं की हे खोटं आहे. मी सरांना न विचारता, लहान-मोठ्यांची सरासरी म्हणून आठ लिहून पुन्हा गणित लावलं. चार दिवसांनी दुसरं चित्र आलं: दांड्याभोवती लाल खांब, बाकी सगळीकडे निळं. वरच्या काचेतून बघितलेलं हुबेहूब. मी दोन्ही चित्रं घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर माणूस वाईट नाही. मऊ बोलतात, वाढदिवसाला केक आणतात. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघितली आणि विचारलं, आठला आधार काय? मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, डोळे रेफरन्समध्ये टाकता येत नाहीत. तीनला पुस्तक आहे. उद्या कुणी विचारलं तर आपण पुस्तक दाखवू. शिवाय मॅनेजरला काय हवंय हे तुलाही कळतंय, पुढची तीन कामं त्यांच्याच हातात आहेत. मी म्हटलं, सर, पण एका माणसाची नोकरी आहे. ते म्हणाले, आपण माणसाबद्दल एक शब्द लिहीत नाही आहोत, आपण फक्त टाकीबद्दल लिहितोय.

बघा कसं असतं. एवढं स्वच्छ वाक्य, धुतल्या तांदळासारखं. मी ते उचललं आणि घरी घेऊन आले आणि त्याच्यावर झोपले. आठचं चित्र 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. रिपोर्टच्या एकोणिसाव्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ घातली: बुडबुड्याचा व्यास सर्वत्र तीन मिलिमीटर गृहीत धरला आहे. ती ओळ घातली म्हणून मी प्रामाणिक, असं स्वतःला सांगितलं. शी!

रिपोर्ट गेला आणि कारखान्यानं काकांवर चौकशी बसवली. हवा न देऊन माल नासवल्याचा आरोप. आमची मीटिंग रूम असते तशीच खोली, एसी ढणाढणा. आम्हाला चित्र समजावून सांगायला बोलावलं होतं. मी आणि सर एका बाजूला, मॅनेजर आणि कंपनीची दोन माणसं समोर, काका टोकाच्या खुर्चीवर. समोसे आले होते. मॅनेजरनं समोसा फोडला, खाल्ला, आणि तेलकट बोटं माझ्या हिरव्या चित्राच्या कागदाला पुसली. कागद गुळगुळीत, त्याला तेल शोषलं जाईना, तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला. त्याच कागदावर मग त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, सायन्सच सांगतंय की पंखा ठीक आहे, मग राहिलं कोण?

काकांना विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली आणि माझ्या भेटीच्या दिवसाचं रीडिंग वाचून दाखवलं. मॅनेजरनं वही हातात घेतली, बघितली, आणि जरा हसला. एकच सही आहे, म्हणाला. तीस वर्षं इथे काढलीत, नियम तुम्हाला मी सांगायचा का? तेव्हा काका माझ्याकडे वळले. आवाज जराही चढला नाही.

"बगनारी इथंच बसलीय. म्याडम, तुमी हात लावलेला ना?"

हे जे पुढचं आहे ते मी कितीदा तरी मनात वेगळं करून बघितलंय. नोकरी जाईल अशी भीती मला नव्हती. माझ्यासारखीला दुसरीकडे महिन्याभरात नोकरी मिळते. संसार उघड्यावर पडणार नव्हता. शेजारी सर बसले होते आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती. ती आठी जावी, एवढंच त्या घटकेला मला वाटलं. एवढंच. पोटात इतकी क्षुद्र गोष्ट घेऊन आपण जगतो हे माणसाला आधी कळत नाही.

"मी त्या दिवशी फक्त मापं घ्यायला आले होते," मी म्हटलं. "रीडिंगबद्दल मला काही सांगता येणार नाही."

सरांची आठी गेली. काका माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. मीटरकडे जसं बघायचे तसं बघत होते, काटा कुठे आला ते. मग वही मिटून खिशात ठेवली आणि बटण लावलं. त्यानंतर काहीही विचारलं तरी ते एवढंच म्हणाले की मला काही सांगायचं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना काढलं. पत्रात शब्द होता 'निष्काळजीपणा'. मला हे सरांनीच कॉफीच्या मशीनपाशी सांगितलं, त्यांनाही थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. वर म्हणाले, त्या लोकांना तसं काही कमी नसतं गं, चार मजली घर आहे, भाडी येतात. ते खरंही होतं. मी तेही वाक्य उचललं आणि घरी आणलं. आमच्या घरी अशा वाक्यांचा बराच साठा झाला होता.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. मशीनला कपडे लावताना पावडरीचा वास आला की मात्र तुर्भ्याचा हौद आठवायचा. वास आणि हौद यांचा काही संबंध नाही हे मला कळतं. तरी मी पावडर बदलली. दुसरीतही तेच असणार, हेही कळत होतं. नवऱ्यानं विचारलं, आधीच्या पावडरीला काय झालं? मी म्हटलं, फेस फार येतो.

पुढे जे झालं ते कुणीही सांगितलं असतं. काका गेले, दुसरा ऑपरेटर आला, हवा पूर्ण दिली, आणि टाक्या नासतच राहिल्या. पंखा काय, माणूस बघून फिरतो का? अकरा महिन्यांनी मॅनेजरला बढती मिळून तो गुजरातच्या कारखान्यात गेला. नव्या मॅनेजरला पंख्याचं काही प्रेम नव्हतं. उलट आधीच्याची चूक सापडली तर त्याला हवीच होती. त्यानं आम्हालाच बोलावलं. आम्हालाच! सर ऑफिसात येऊन म्हणाले, जुनीच फाइल उघड आणि जरा मोठा बुडबुडा टाकून बघ.

बघायचं काय होतं? मी 'इतर' फोल्डर उघडलं आणि आठचं चित्र बाहेर काढलं. लाल खांब, बाजूला निळं. एक दिवसही काम करावं लागलं नाही. सरांनी ते पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं बघितलं आणि म्हणाले, ब्यूटिफुल. मग म्हणाले, आठला आधार म्हणून काहीतरी एक ओळ लिही.

मी लिहिली. एकतिसाव्या पानावर: 'आठ मिलिमीटर सरासरी व्यास साइटवर प्रत्यक्ष पाहिल्यावरून घेतला आहे; पाहताना ऑपरेटर हजर होते. हवा पूर्ण उघडल्यावर मोटर ६२ वरून ४१ अँपिअरवर आली.' आणि पुढे तारीख टाकली. खरी. माझ्या पहिल्या भेटीची. म्हणजे जो कुणी ती ओळ वाचेल आणि पहिल्या रिपोर्टची तारीख शेजारी ठेवेल, त्याला कळेल की आम्हाला आधीपासून माहीत होतं. मी दोन दिवस वाट बघत बसले. सर केबिनमधून ओरडत येतील, फाइल आपटतील, मला काढतील. माझी तयारी होती. खरं सांगायचं तर तीच इच्छा होती.

काहीच झालं नाही. सरांनी चित्रं बघितली आणि पाठवून दिलं. नव्या मॅनेजरनं चित्रं बघितली आणि वा म्हणाला. त्याच्या वरच्या माणसांनी मोठ्या पडद्यावर बघितली. एकतिसावं पान कुणी उघडलंच नाही, जसं एकोणिसावं कुणी उघडलं नव्हतं. पंखा बदलला. टाक्या नासायच्या थांबल्या. तुर्भ्याहून आमच्याकडे मोतीचुराच्या लाडवांचा खोका आला आणि सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी लाडू हातात घेतला. तुपकट, बोटांना चिकटणारा. मला समोशाची बोटं आठवली. लाडू मी खाली वॉचमनला दिला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले, आणि धुता धुता स्वतःचीच इतकी चीड आली की नळ चालू ठेवून उभी राहिले.

त्या रविवारी एकतिसाव्या पानाची प्रिंट घेऊन मी घणसोली गावात गेले. विचारत विचारत घर सापडलं. वरचे तीन मजले भाडेकरूंचे, दोऱ्यांवर त्यांचे कपडे वाळत घातलेले. तळमजल्यावर काका राहतात. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. कोण म्हणून सांगायला मला तोंड नव्हतं. मी म्हटलं, तुर्भ्याच्या कामातली. काका आतून आले, मला ओळखलं, आणि बसा म्हणाले. पाणी आलं. चहाही आला. काकींना मी कोण ते कळलं नव्हतं, त्या मोकळेपणी बोलत होत्या. मुलगा म्हणतो बाबा आता आराम करा, पण यांना आराम मानवत नाही. गावकीच्या सभेची वही वीस वर्षं हेच लिहायचे, सभेत कोण काय बोललं त्याचा शब्दन् शब्द. पत्र आलं त्याच आठवड्यात स्वतः होऊन वही परत देऊन आले. गावानं नको म्हटलं तरी ऐकलं नाहीत. निष्काळजी माणसाच्या हातात गावाची वही कशाला, म्हणाले. काकांनी त्यांना आत पाठवलं.

मी पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. बासष्ट, एकेचाळीस. तारखेपाशी बोट थांबलं. मी भडाभडा बोलायला लागले, की माझं चुकलं, मला तेव्हाच बोलायला हवं होतं, मी हे कंपनीत देते, तुमचं पत्र मागे घ्यायला लावते, माझी मोठी चूक झाली.

"चूक नाय ती," काका म्हणाले. "चुका माज्या हातून पन झाल्यात. चूक अशी नसतंय."

बाहेर कुणीतरी स्कूटर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. काका उठले, कपाटातून ती वही घेऊन आले. पान लगेच सापडलं, तिथे दोऱ्याची खूण घातलेली होती. हवा पूर्ण. ६२ वरून ४१. इंजिनिअर मॅडमनी हात लावून बघितले. डावीकडे त्यांची सही. उजवीकडे बघणाऱ्याची जागा रिकामी. त्याच्या खालची-वरची सगळी रीडिंगं दोन-दोन सह्यांची, कुणाकुणा हेल्परची, सुपरवायझरची, वाकडी-तिकडी. एवढं एकच अर्धं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. कंपनीत द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाले, माझी जागा मोकळी राहिलीय ती भरा. मी सही केली. सही माझ्या सहीसारखी आली नाही. मग सवयीनं सहीखाली तारीख लिहायला घेतली, वरच्या ओळीत होती तीच, भेटीच्या दिवसाची. पहिला आकडा लिहिलाही होता. काकांनी माझं मनगट धरलं.

"ती नाय," ते म्हणाले. "आजची टाका."

मी तो आकडा खोडला आणि आजची तारीख टाकली. काकांनी वही स्वतःकडे वळवली, खाडाखोडीपाशी आपली बारीक सही केली, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत राहिले, आणि मग वही मिटली.